निर्लेखित बंबांच्या मागावर

पालघर स्टेशनाकडून बोईसरचा रस्ता धरला की आधी कोळगाव लागतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा आपला कारभार आता इथल्या नव्या मुख्यालयातून चालवतो. पुढे उमरोळी, मग सरावली. भातखाचरं मागे पडतात, चाळी आणि गाळे दाटू लागतात, ट्रकांच्या रांगा लांबतात आणि हवेला रसायनांचा तिखट वास येतो. बोईसर आलं हे पाटी वाचण्याआधी नाकाला कळतं.

नकाशावर या औद्योगिक वसाहतीचं नाव तारापूर. खुद्द तारापूर गाव मात्र उत्तरेला, चिंचणीच्या खाडीकाठी, आपल्या किल्ल्याशेजारी निवांत बसलेलं आहे. कारखाने उभे राहिले ते बोईसर, सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली, पाम आणि टेंभी या गावांच्या शिवारांत आणि शेजारात. पश्चिमेला १९६९ पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्र आहे. औषधांचे घटक, रंग, कापड, पोलाद असं सगळं एकाच परिसरात तयार होतं. जिथे इतकी रसायनं, इतके बॉयलर आणि इतके द्रावकांचे पिंप, तिथे आगीच्या बंबाला उसंत कुठली? म्हणूनच एक प्रश्न घेऊन मी या बाजूला आलो होतो: आयुष्यभर इतरांच्या आगी विझवणारा बंब म्हातारा झाला की कुठे जातो?

इथल्या माणसांना बंबाचं मोल समजावून सांगावं लागत नाही. ८ मार्च २०१८ च्या रात्री नोवाफेन या कारखान्यात स्फोट झाला, आग शेजारच्या कारखान्यांत पसरली आणि तीन कामगार गेले. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवड्याच्या हद्दीत, बांधकाम चालू असलेल्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि आठ जणांचा जीव गेला. त्या काळात डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के वरचेवर बसत होते. त्यामुळे हादरा जाणवला तेव्हा अनेक गावांतल्या लोकांना आधी भूकंपच वाटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि दोघे दगावले. प्रत्येक वेळी एमआयडीसीचे बंब आधी पोचतात. आग मोठी असली की मग पालघर, डहाणू, वसई-विरार अशा लांबच्या केंद्रांकडे मदत मागावी लागते. वसईहून निघालेली गाडी अहमदाबाद महामार्गाने चिल्हार फाट्यापर्यंत येणार आणि तिथून बोईसरकडे वळणार. तोवर जी काही लढाई असते ती इथल्याच गाड्यांना लढावी लागते. अशा ठिकाणी एक बंब कमी असणं म्हणजे काय, हे कोलवड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नवापूर नाक्याकडून पामच्या दिशेला वळलं की कारखान्यांच्या भिंतींना लागून भंगाराची गोदामं सुरू होतात. पिंपांचे डोंगर, वाकलेले पाइप, निकामी रिअॅक्टर, विजेच्या तारांची भेंडोळी. कारखाना जे टाकतो ते इथे येतं, तोडलं जातं, वेगळं केलं जातं आणि पुन्हा कुठल्या तरी भट्टीकडे जातं. अशाच एका आवारात पत्र्याच्या आडोशाला एक लाल केबिन दिसली. गोदामाच्या मालकांनी आत येऊ दिलं.

गाडी टाटाच्या चॅसीवरची होती. दारावरचं नाव खरवडून काढलेलं होतं, त्यामुळे ती कुठल्या ताफ्यातून आली हे कळायला मार्ग नव्हता. एखादी नगरपालिका असेल, एखादा कारखाना असेल किंवा पार परराज्यही असेल. टपावर शिडी सरकवायचे रूळ शाबूत होते. बाजूच्या कप्प्यांची शटरं अर्धवट उघडी राहून गंजली होती. नळी गुंडाळायचं रीळ रिकामं होतं. मागे पंपाच्या जागी नुसता सांगाडा उरला होता. दाब दाखवणाऱ्या घड्याळांची भोकं तेवढी दिसत होती. गनमेटलचे डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि पितळी कपलिंग सगळ्यांत आधी निघतात, कारण किलोला भाव त्यांनाच चांगला मिळतो. मग तांब्याच्या तारा, अॅल्युमिनियमचे पत्रे, बॅटरी. गिअरबॉक्स आणि अॅक्सल चालू अवस्थेत असले तर सुट्या भागांच्या बाजारात जातात. इंजिनाचंही तसंच. कोकण किनाऱ्यावर ट्रकचं इंजिन थोडेफार बदल करून मच्छीमार नौकेत बसवण्याची रीत जुनी आहे. सातपाटी आणि मुरब्याची बंदरं इथून फार लांब नाहीत. टाकी मात्र सगळ्यांत शेवटी कापली जाते. जाड लोखंडाची ती पेटी गॅसकटरने तुकडे करून वितळवायला पाठवतात.

बंबाच्या पोटातली ही टाकी हाच त्याच्या म्हातारपणाचा पहिला धागा आहे. भारतीय मानकांनुसार बनलेल्या 'बी' प्रकारच्या वॉटर टेंडरमध्ये ४,५०० लिटर पाणी असतं, म्हणजे साडेचार टन वजन. पंप मिनिटाला २,२५० लिटर पाणी फेकू शकतो, म्हणजे पूर्ण जोराने चालवला तर टाकी दोन मिनिटांत रिकामी. म्हणूनच बंब टँकरच्या, विहिरीच्या किंवा हायड्रंटच्या जवळ उभा करावा लागतो. पण खरी झीज वेगळीच. वर्दी कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे टाकी दिवसरात्र भरलेली ठेवायची. डोक्यावर भरला हंडा घेऊन कुणी वर्षानुवर्षं एका जागी उभं राहावं, तशी ही गाडी उभी असते. पाटे दबतात, टायर चालून झिजण्याआधी उभ्या उभ्याच चिरतात, टाकीला आतून गंज चढतो.

बोईसरमध्ये भेटलेल्या एका निवृत्त चालकांची सगळी नोकरी बंबावर गेली. त्यांनी ही दुखणी एखाद्या वैद्याच्या बारकाईने सांगितली. साधा ट्रक सकाळी सुरू झाला की इंजिन तापू देतात, मग हलवतात. बंबाला ती चैन नाही. घंटा वाजली की थंड इंजिनावरच पूर्ण रेस द्यायची आणि केंद्राबाहेर पडायचं. आगीच्या जागी पोचल्यावर गाडी उभी राहते, पण इंजिनाला विसावा मिळत नाही. पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारी जोडणी, लावला की तेच इंजिन पंप फिरवू लागतं आणि मोठ्या आगीत तासन्‌तास फिरवत राहतं. किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही. पंधरा वर्षांच्या बंबाचं मीटर पाहून लेखा विभागातल्या कुणालाही वाटावं की गाडी फारशी वापरलेलीच नाही. चालकाला मात्र पंपाच्या आवाजावरून वय कळतं. ग्लँडमधून पाणी ठिबकू लागतं, प्रायमिंगला, म्हणजे पंपातली हवा काढून पाणी ओढून घ्यायला, वेळ लागतो, आणि जो पंप एके काळी सात मीटर खोल विहिरीतून झटक्यात पाणी उचलायचा तो हवा ओढत राहतो. आगीपुढे उभ्या असलेल्या फायरमनच्या हातातली नळी अशा वेळी ढिली पडते. तारापुरात यात आणखी दोन गोष्टींची भर: जवळच्या समुद्राची खारी हवा आणि कारखान्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा. इथे पत्रा लवकर गंजतो आणि वायरिंगची टोकं हिरवी पडतात.

गाडी थकली की तिचा कागदोपत्री प्रवास सुरू होतो. आधी यांत्रिकी विभागाची तपासणी, मग दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज, मग निर्लेखनाचा, म्हणजे गाडी सेवेतून बाद करण्याचा, प्रस्ताव. मंजुरी मिळाली की जडसंग्रह नोंदवहीतून नाव कमी होतं आणि लिलाव पुकारला जातो. कागद पुढे सरकेपर्यंत गाडी केंद्राच्या मागच्या कोपऱ्यात उभी असते. तेवढ्यात तिच्या अंगावरचे भाग दुसऱ्या चालू गाड्यांसाठी काढले जातात: आज डायनॅमो, उद्या आरसा, परवा चाक. लिलावाच्या दिवशी बोली लावणाऱ्याच्या पुढ्यात बरेचदा नुसतं कलेवर असतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या नगरपालिकेच्या आवारात असं एखादं लाल कलेवर गवतात रुतलेलं सापडेल. खंडेनवमीला ज्या गाडीला झेंडूचे हार घातले, नारळ वाढवला, तिची ही अवस्था तिथल्या जवानांनाच सर्वांत जास्त खुपते.

२०२१ नंतर या प्रवासाला नवं वळण लागलं. १३ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने वाहनं मोडीत काढण्याचं धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत मोडतोड केंद्रांचे नियम आले. नियमांप्रमाणे जुनी गाडी अशा केंद्रावर जमा करायची, तिची नोंद 'वाहन' या राष्ट्रीय प्रणालीत करायची, आणि गाडी तोडल्यावर चॅसी क्रमांकाचा कापलेला तुकडा सहा महिने जपून ठेवायचा, म्हणजे तोच क्रमांक ठोकून चोरीची गाडी रस्त्यावर येऊ नये. सरकारी गाड्यांच्या लिलावासाठी एमएसटीसी या केंद्राच्या कंपनीची ऑनलाइन यंत्रणा वापरली जाते. हा बदल चांगलाच म्हणायला हवा. पामच्या आवारात पाहिलेल्या गाडीला नाव नव्हतं, इतिहास नव्हता. नव्या रीतीने गेलेल्या गाडीचा निदान शेवट तरी नोंदलेला असतो.

दुसरं वळण मात्र अवघड निघालं. १६ जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने असं ठरलं की केंद्र, राज्यं, महापालिका, नगरपालिका, पंचायती, सार्वजनिक उपक्रम आणि स्वायत्त संस्था यांच्या पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नव्याने होणार नाही. देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीच्या खास वाहनांना त्यात सूट दिली गेली. त्या सुटीत अग्निशमनाचं नाव नव्हतं. कारकुनाची जीप आणि आगीचा बंब एकाच पट्टीने मोजले गेले. देशभरातल्या अग्निशमन दलांपुढे त्यामुळे पेच उभा राहिला, कारण बंब बाजारात जाऊन उचलून आणता येत नाही. आधी चॅसीची खरेदी, मग बांधणी करणाऱ्या कारखान्याकडे टाकी, पंप आणि कप्प्यांचं काम, मग चाचण्या, मग आरटीओची नोंदणी, आणि या सगळ्याच्या आधी निविदा. ४ जुलै २०२३ रोजी केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. त्यातून नव्या गाड्या येतील, येतही आहेत. पण जुनी गाडी कागदावर बाद होण्याची तारीख ठरलेली असते, नवी गाडी येण्याची नसते. या दोन तारखांमधल्या काळात लागलेली आग कुणासाठी थांबणार?

अमेरिकेत एनएफपीए या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. पंधरा वर्षांहून जुनी गाडी पहिल्या फळीतून काढून राखीव ताफ्यात ठेवावी, पंचवीस वर्षांनी सेवेतून कमी करावी, अशी तिची शिफारस राहिली आहे. शिवाय पंपाची चाचणी दरवर्षी घ्यायची. म्हणजे वयाबरोबर प्रकृतीही पाहायची. पंधराव्या वर्षी गाडी राखीव ठेवणं आणि पंधराव्या वर्षी तिची नोंदणीच संपवणं यांत फार मोठं अंतर आहे. तारापूरसारख्या ठिकाणी एका मोठ्या आगीला अनेक गाड्या एकदम लागतात, तिथे तर हे अंतर माणसांच्या जिवात मोजावं लागेल. जुन्या गाड्या कायम वापरत राहा, असं इथे कुणीच म्हणत नाही. ब्रेक कमकुवत झालेला, भरल्या टाकीचा बंब भरधाव सोडणं हे जवानांच्या जिवाशी खेळणंच आहे. पण तो थांबवण्याचा निर्णय चाचणीने व्हावा, आणि बदली गाडी दारात उभी राहिल्यावर व्हावा.

निवृत्त बंबाचा आणखी एक भाग आहे, आणि त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. रसायनांच्या आगीवर नुसतं पाणी चालत नाही, फेस लागतो. त्यासाठी फोम टेंडर असतात. जुन्या पद्धतीच्या फेसात पीएफएएस वर्गातली, निसर्गात जवळजवळ न विघटणारी रसायनं असत. त्यांतल्या पीएफओएसला २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्बंधित यादीत टाकलं गेलं. अशी गाडी मोडीत निघताना टाकीच्या तळाशी आणि नळ्यांत उरलेला फेस गटारात धुऊन टाकला तर तो कुठे जाईल, हे नवापूरच्या मच्छीमारांना विचारावं. वसाहतीचं सांडपाणी त्यांच्याच किनाऱ्यापुढे समुद्रात सोडलं जातं, आणि प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हरित लवादापर्यंत लढा नेला आहे. ज्या गाडीने कारखाना वाचवला तिच्या पोटातलं विष खाडीत जाऊ नये, एवढी काळजी तोडणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही घ्यायलाच हवी.

सगळ्याच बंबांचा शेवट गॅसकटरखाली होत नाही. दिल्लीच्या चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ चा जॉन मॉरिस बनावटीचा बंब आजही उभा आहे. निजामाच्या रेल्वेच्या सेवेत होता तो. या प्रकारचे दोनच बंब आता जगात उरले असं सांगतात. दुसरा इंग्लंडमध्ये आहे. दिल्लीचा बंब जुन्या मोटारींच्या फेरीत स्वतःच्या चाकांवर धावलेला आहे. पुण्यात महापालिकेने एरंडवण्याच्या केशवराव जगताप अग्निशमन केंद्रात जुन्या साधनांचं संग्रहालय केलं. मुंबईत घोड्यांच्या गाड्यांच्या जोडीला पहिला मोटारबंब १९०७ च्या सुमारास आला. त्या काळातल्या गाड्या पाहून शहर कसं वाढलं, इमारती किती उंच झाल्या, आग कशी बदलली, हे सगळं वाचता येतं.

काही बंबांना दुसरा जन्म मिळतो. ब्रिटनमधल्या 'फायर एड' या संस्थांच्या गटाने तिथल्या दलांनी काढलेल्या गाड्या गरजू देशांना पाठवल्या, आणि २०२२ नंतर युक्रेनकडे बंबांचे ताफेच्या ताफे नेले. जपान आपल्या वापरलेल्या अग्निशामक गाड्या आणि रुग्णवाहिका मदत योजनेतून अनेक देशांना देतो. चिलीमध्ये तर १८५१ साली वालपरायसोला पहिलं पथक उभं राहिल्यापासून आग विझवणारी सगळी माणसं स्वयंसेवक आहेत. तिथल्या कितीतरी पथकांनी युरोपातून आलेल्या जुन्या गाड्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. अशा मदतीत एक अट मात्र पाळायला हवी: गाडी देण्याआधी ती दुरुस्त करायची, पंप तपासायचा, आणि घेणाऱ्याला ती चालवायला शिकवायचं.

आपल्याकडे शिकवण्यासाठीच जुन्या बंबाचा सर्वांत चांगला उपयोग होऊ शकतो. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून देशभरातल्या अधिकाऱ्यांना घडवतं. मुंबईत सांताक्रूझला राज्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. पण तारापूरच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराला सांताक्रूझला कोण नेणार? रस्त्यावर धावायला नालायक ठरलेली गाडी आवारात उभी करून पंप चालवायला नक्कीच चालते. कपलिंग जोडणं, सक्शन टाकणं, प्रायमिंग करणं, दाब वाढला की ब्रँच दोघांनी धरणं, हे सगळं तिच्यावर शिकवता येईल. पाम, टेंभी, कोलवडे आणि कुंभवलीच्या तरुणांना असं शिक्षण मिळालं, तर स्फोटानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत गावात काय करायचं हे जाणणारी माणसं गावातच असतील. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर न आणता प्रशिक्षणासाठी ठेवायची, तिच्या टाकीतला फेस आधी काढून नीट विल्हेवाट लावायची, आणि पुढे तीही थकली की नोंदणीकृत केंद्रातच तोडायची. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा प्रशासन, एमआयडीसी आणि कारखानदारांची संघटना यांनी एकत्र बसून ठरवलं तर हे होण्यासारखं आहे.

पामच्या गोदामातली ती लाल गाडी आता वाचणार नाही. पुढच्या गाड्यांचं मात्र अजून ठरायचं आहे, आणि त्यात आपलाही वाटा असू शकतो.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, आणि त्या दिवसांत अनेक केंद्रांची दारं नागरिकांसाठी खुली असतात. वाचकहो, येत्या एप्रिलमध्ये आपल्या गावातल्या केंद्रात जरूर जा. मुलांना बंबावर चढवून फोटो काढाच, पण तिथल्या अधिकाऱ्यांना तीन प्रश्नही विचारा: ही गाडी कोणत्या सालची आहे, तिच्या पंपाची चाचणी शेवटची कधी झाली, आणि ती निवृत्त होईल तेव्हा तिच्या जागी येणारी गाडी मंजूर झाली आहे का? उत्तर समाधानकारक नसेल तर तेच प्रश्न लिहून नगरपालिकेकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या.